सूर धरणारे दाजी

सदूदाजींच्या घराची पडवी मला राहायला मिळाली, तेव्हा त्यांच्या बायकोने, शेवंतीकाकींनी, चावी हातात ठेवण्याआधीच सगळं स्पष्ट करून टाकलं. "बाई, पाणी बावीचा आसा. लाईट अधीमधी जाता. आणि सकाळी हे बोंबलतत. तेका काय इलाज नाय."

मी कोल्हापूरकडची. मसुऱ्याच्या शाळेत नुकतीच बदली होऊन आले होते. मालवणी अजून अर्धीच कळायची. घरमालक सकाळी उठून बायकोवर ओरडत असणार, एवढाच अर्थ मी काढला आणि मुकाट्याने सामान लावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मागच्या परसातून सनईचा सूर आला. एकच, सरळ. मला वाटलं, आता वळेल, आता खाली येईल, निदान श्वास घ्यायला तरी थांबेल. तो थांबेना. मी तोंड धुतलं, चहा टाकला, चहा उकळला, गाळला, आणि सूर तिथेच. शेवटी माझाच श्वास अडकायला लागला. कप हातात घेऊन मागच्या दारी गेले, तर आंब्याच्या मुळावर एक किडकिडीत गृहस्थ पंचा नेसून बसलेले. गाल फुगलेले, डोळे मिटलेले. चाहूल लागली तशी त्यांनी सनई खाली घेतली, ओठ पुसले आणि विचारलं, "चाय झाली काय?"

मी माझा कप त्यांच्या हातात दिला. तेव्हापासून सकाळचा पहिला चहा त्यांना माझ्याकडचा, असा रिवाजच पडला.

दाजींची भातशेती होती, थोड्या काजी, म्हणजे काजूची झाडं, होती, आणि गावच्या देवीपुढे सनई वाजवण्याचा मान त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. आसपासच्या गावांतल्या लग्नांनाही त्यांनाच बोलावत. अंगाने असे की वाऱ्याची मोठी झुळूक आली तर धरून ठेवावंसं वाटे. एवढ्या माणसात एवढा श्वास कुठे मावतो, हा प्रश्न मी एकदा विचारलाच.

"मावूक कशाक व्हयो? येता आणि जाता," ते म्हणाले. "गालात साठवलेलो वारो भायर जाईसर नाकान दुसरो आत घेवचो. मगे तुटणा नाय."

मग परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून, पेलाभर पाण्यात बुडवून त्यांनी तो माझ्यापुढे केला. "फुंका. बुडबुडे तुटूक नये."

मी फुंकले. नाकातोंडात पाणी गेलं. काकी चुलीपाशी पोट धरून हसल्या. दाजी मात्र हसले नाहीत. "पयल्यांदा माझाय असाच झाला," म्हणाले. ते स्वतः अजूनही रोज थोडा वेळ तो देठ पाण्यात धरून बसत. इतकी वर्षं वाजवणाऱ्याने हे कशाला करायचं, असं मला वाटे. पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "बोटांका सगळा येता बाई. कान पास करत नाय."

हा त्यांचा कान म्हणजे घरातला सगळ्यात कडक परीक्षक. एखादी ओळ आम्हाला ऐकताना अगदी गोड वाटे, काकीसुद्धा तांदूळ निवडायच्या थांबत, आणि दाजी मान हलवून सनई मांडीवर ठेवत. "नापास!" मग तीच ओळ पुन्हा, त्यातही मधला तेवढाच तुकडा पुन्हा, त्या तुकड्यातली एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची जागा पुन्हा. पडवीत वह्या तपासत बसलेल्या मला ती जागा पाठ होऊन जायची. पुढे शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावताना माझ्या डोक्यात तीच घसरण चालू असे.

त्यांच्या कानाची खरी गंमत कळली ती गिरजेमुळे. गिरजा मालवणहून सकाळच्या एसटीने मासळीची पाटी घेऊन यायची. वाडीच्या तोंडाशी आली की "बांगडे घेया गोऽऽ, ताजे फडफडीत" अशी हाळी द्यायची. शेवटच्या अक्षरावर तिचा आवाज जरा चिरायचा. एकदा तिने हाळी दिली आणि परसातून सनईने तीच हाळी जशीच्या तशी परत केली, चिरण्यासकट. गिरजा पाटी घेऊन तरातरा आमच्या दारात. "कोण मेलो माझी नक्कल करता?"

दाजी पुढे आले, सनई हातात, अपराध्यासारखे. गिरजेने त्यांना पुन्हा वाजवायला लावलं. कमरेवर हात ठेवून ऐकलं आणि म्हणाली, "ह्या माझा नाय. माझो आवाज येवढो बारीक खंय आसा?"

दाजी विचारात पडले. पत्ती, म्हणजे सनईच्या तोंडाशी बसवलेली ती बारीक चपटी नळी, त्यांनी ओठांत जरा वेगळी धरली आणि परत वाजवलं. जाडा, भरलेला, पाटीच्या वजनाखाली दबलेला आवाज. गिरजेने पाटीतले चार बांगडे काढून काकींच्या सुपात टाकले आणि ती निघून गेली. पुढे थंडीत तिचा घसा पार बसला, तेव्हा ती सरळ आमच्या पडवीत येऊन टेकायची, दाजी तिची हाळी वाजवायचे, आणि बायका ताटल्या घेऊन बाहेर पडायच्या.

एवढं अंगात असलेला माणूस तरुणपणी पुढे बसत नव्हता, हे मला काकींनी सांगितलं. सनईच्या जोडीत एक जण वाजवतो आणि दुसरा त्याच्या मागे नुसता सूर धरतो, एकच षड्ज, अखंड. वाजवायचं ते थोरल्या वसंताने आणि सूर धरायचा धाकट्या सदूने, असं त्यांच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. वसंता देखणा, वाजवणंही देखणं. सदूचं सगळं तरुणपण त्याच्या पाठीमागे उभं राहून एक सूर फुंकण्यात गेलं.

"माझ्या लग्नातय हे सूर धरून," काकी सांगत होत्या. "माका वाटला, घोवाक येवढाच येता. एकच सूर! माझ्यो मैतरणी हसलेल्यो माका."

मग वसंता मुंबईला कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. वडील अंथरुणाला खिळलेले. पालखीचा दिवस तोंडावर आला आणि वाजवायला कोणी नाही. सदूने भावाची सनई उचलली. इतकी वर्षं त्याच्या पाठीशी उभं राहून जे ऐकलं होतं ते सगळं कानात होतंच. काजींच्या मळ्यात जाऊन, माणसांपासून लांब, बोटांकडून ते करवून घेण्याचं कामही त्याने कधीपासून गुपचूप चालवलं होतं. ते बायकोलाही ठाऊक नव्हतं. ती समजायची, नवरा काजी राखायला जातो.

पालखी दारावरून गेली तेव्हा म्हातारा खिडकीशी पडून होता. त्याने सुनेला विचारलं, "कोण वाजवता गो?"

"तुमचो धाकटो."

"खुळी काय? तेका खंय येता? वसंता इलो असतलो."

आणि म्हाताऱ्याने ते शेवटपर्यंत मानलं नाही. थोरला मुलगा मुंबईहून खास पालखीसाठी येऊन वाजवून गेला, याच समाधानात तो काही दिवसांनी गेला. काकींना हे सांगताना अजूनही राग यायचा. दाजींना मी विचारलं, तेव्हा ते काजीच्या बिया उन्हात पसरत होते. "म्हातारो खूश होतो," म्हणाले. "वसंताचा वाजवणा समाजलो म्हणजे पास केलान माका. आणखी काय व्हया?"

देवीची पालखी मी त्यांच्याबरोबर तीन-चारदा पाहिली. देवळाच्या पायऱ्या उंच आणि गुळगुळीत. पालखी वर चढते तेव्हा दाजींची नजर भोयांच्या पावलांवर असायची. पाऊल अडलं की सूर लांबायचा, पाऊल पडलं की पुढची ओळ सुटायची. शेवटच्या पायरीवर वरच्या षड्जावर ते अशी काही झेप घ्यायचे की सगळा गाव त्या क्षणाची वाट बघत उभा असे. पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर घेणारा रमेश मला सांगे, "दाजी वाजवतत तेव्हा पालखी हलकी लागता, बाई. खऱ्यान सांगतंय."

असं सगळं चालू असताना दाजींचे दात हलायला लागले.

आधी त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. लवंग धर, पेरूची पानं चघळ, असे उपाय चालले. मग हिरड्या सुजल्या, भाकरी तुटेना, सनई ओठांशी नेली की डोळ्यांत पाणी यायला लागलं. सनईवाल्याचा सगळा जोर ओठांवर आणि ओठांचा जोर त्यांच्यामागच्या दातांवर. शेवटी काकींनी मला पुढे घातलं आणि आम्ही दोघी त्यांना मालवणच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. तरुण मुलगी, पण बोलणं सरळ. तपासून म्हणाली, "काका, वरचे सगळे काढावे लागतील. खालचेही बरेचसे. मग कवळी बसवू."

दाजींनी एकच विचारलं, "वाजवूक येयत?"

डॉक्टरीणबाईने हातातला आरसा खाली ठेवला. "खरं सांगू? मला माहीत नाही. सनई वाजवणारा पेशंट माझ्याकडे आजवर आला नव्हता."

"मगे आता इलो," दाजी म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

दात गेले आणि घर गप्प झालं. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसवता येत नव्हती. उजाडताना मला जाग यायची आणि परसात फक्त पाखरं. दाजी आंब्याच्या मुळावर जाऊन बसायचे खरे, पण नुसतेच. काकी पेज करून पुढे ठेवायच्या, ते दोन घोट घेऊन वाटी बाजूला सारायचे. एकदा काकी माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, इतकी वरसा मी तेंका गाळी घातलंय. आता घरात रवाक भीती वाटता."

त्या वर्षीच्या पालखीला काय करायचं, हा देवस्थानच्या मंडळींपुढे प्रश्न पडला. बाहेरून कोणाला आणलं तर दाजींचा मान मोडल्यासारखं होईल. म्हणून वाडीतल्या बंडूने तोड काढली. मोबाईलवर सनई लावायची आणि मोठ्या स्पीकरला जोडायची. दाजींनी मान डोलावली.

पालखी निघाली. स्पीकर हातगाडीवर, बंडू मोबाईल धरून बाजूला. सनई छानच होती, कोणा मोठ्या वादकाची असणार. पण ती पायऱ्यांपाशी थांबेना. भोयांचं पाऊल अडलेलं आणि सनई पुढे धावतेय. रमेशचा खांदा घसरला, मागचे ओरडले, पालखी तिसऱ्या पायरीवर कलती झाली. तेवढ्यात सनई बंद पडली, स्पीकरमधून मोबाईलची रिंग वाजली, आणि गडबडीत बंडूचं बोट भलतीकडे पडल्यामुळे त्याच्या आईचा आवाज सगळ्या गावाने ऐकला. "बंड्या, खंय मेलंस? पाडो सुटलो हा! सगळो दोडक्याचो मांडव खाल्ल्यान!"

माणसं हसायला लागली. भोई मात्र हसत नव्हते, त्यांचे पाय थरथरत होते. मी पाहिलं तर दाजी गर्दीतून वाट काढत पुढे गेले होते. त्यांनी एक हात पालखीच्या दांड्याला लावला आणि रमेशच्या कानाशी तोंड नेऊन गुणगुणायला सुरुवात केली. दात नसलेल्या तोंडाने, हवा इकडून तिकडून निसटत होती. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. पण रमेशचं पाऊल उचललं. मग दुसरं. दाजी पायरीगणिक गुणगुणत राहिले आणि पालखी वर पोचली.

घरी परतताना ते माझ्याशी एवढंच बोलले, "डॉक्टरीण कवळी कधी देता, इचारा मगे."

कवळी तयार झाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच निरोप धाडला होता की सनई घेऊन या. दवाखान्यात बाहेर माणसं गाल धरून बसलेली. आत दाजींनी कवळी बसवली, सनई ओठांत धरली आणि फुंकली. जो आवाज निघाला तो ऐकून त्यांनी स्वतःच सनई खाली ठेवली. वासरू हंबरतं तसा, त्यात कवळीची खटखट. डॉक्टरीणबाई म्हणाली, "थांबा," आणि कवळी घेऊन कड जराशी घासली. पुन्हा फुंकलं. शिट्टी आली. पुन्हा घासली. पुन्हा फुंकलं. असं बराच वेळ चाललं. मी दार उघडून बाहेर म्हटलं, "जरा वेळ लागेल हं." तर एक म्हातारी सुजलेला गाल दाबत म्हणाली, "लागांदे. माझो दात खंय पळता? आधी हेंचा वाजांदे."

सरतेशेवटी एक सूर आला. कापरा, बारीक, क्षणभरच. पण सूर. डॉक्टरीणबाईने टाळी वाजवली. दाजींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "नापास. पण वर्गात बसाक दिलो."

तिथून पुढे साठी कधीच ओलांडलेला हा माणूस पुन्हा बिगरीत बसला. पुन्हा पपईचा देठ आणि पाण्याचा पेला. बुडबुडे तुटायचे, पाणी अंगावर सांडायचं, ते पेला पुन्हा भरायचे. मग सनई. सकाळी परसातून असे काही आवाज यायचे की शेजारची म्हैस दूध चोरायला लागली, अशी तक्रार आली. एकदा जोर लावताना वरची कवळीच सुटून अंगणात पडली आणि कोंबड्या धावल्या. काकी झाडू घेऊन त्यांच्या मागे. "शिरा पडो तुमच्या तोंडार, दात व्हये काय तुमका आता?" असं त्या कोंबड्यांना म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांनी दाजी मोठ्याने हसले.

पण सगळं हसण्यासारखं नव्हतं. पावसाळाभर ते पडवीच्या कोपऱ्यात बसून एकेक सूर शोधत होते. खालचे सूर हळूहळू बसले. वरचे बसेनात. वर जायचं म्हटलं की ओठ जास्त आवळायचे, आणि आवळले की कवळी दगा द्यायची. गणपती झाले, दिवाळी आली. एका सकाळी ते सनई तशीच टाकून उठले आणि भाताच्या शेताच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. मी मागून गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरच्या माळ्याची शिडी मोडली, बाई."

मी बांधावर टेकले. मग ते म्हणाले, "खाली जागा आसा तशी. मीच कधी नीट बघूक नाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वरचे सूर शोधणं सोडलं. जी ओळ वर चढायची तिला त्यांनी खाली उतरायला शिकवलं. भावाकडून ऐकलेलं सगळं वाजवणं वर झेप घेणारं होतं, ते त्यांनी एकेक करून मोडलं आणि नव्याने बांधलं. मी पडवीतून ऐकत होते. एक वळण त्यांनी इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी वाजवून पाहिलं, की रोज वाटायचं आता झालं, आणि रोज ते मान हलवायचे.

पालखीच्या दिवशी ते पांढरं धोतर, काळी टोपी घालून निघाले. गावातले सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कवळीकडे म्हणा ना. बंडू स्पीकर तयार ठेवून कोपऱ्यात उभा होता, लागलाच तर म्हणून. सनई सुरू झाली. जुना झळझळीत आवाज नव्हता. दाट, खोल, किंचित घोगरा होता. पावलं पायऱ्या चढू लागली. शेवटच्या पायरीवर पालखी आली तेव्हा सगळ्यांनी सवयीने माना वर केल्या, त्या झेपेसाठी. दाजी वर गेलेच नाहीत. ते तिथून सावकाश खाली खाली उतरत आले आणि सर्वांत खालच्या षड्जावर येऊन थांबले. मग तो सूर त्यांनी धरून ठेवला. भाऊ वाजवत असताना तरुणपणी धरायचे तसाच असेल. ढोलवाल्याचा हात आपोआप थांबला. भोयांनी पालखी खाली ठेवली तरी सूर चालूच होता. बंडूने स्पीकरची वायर काढून गुंडाळून टाकली.

आयुष्यात कधी नवऱ्याच्या वाजवण्याला बरं न म्हणालेल्या काकी गर्दीतून पुढे झाल्या. पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "घराक चला बेगीन. मीठमिरची ओवाळून टाकतंय. दीठ लागतली."

मी वाटेत विचारलं, "दाजी, आज कान काय म्हणाला?"

त्यांनी सनई काखेत मारली. "आज इचारूक नाय तेका," म्हणाले.

पुढे माझी बदली कट्टा गावच्या शाळेत झाली आणि पडवी सुटली. अधूनमधून जाणं व्हायचं. दाजी गेल्या पावसाळ्यात गेले, लावणीच्या दिवसांत, दुपारचे जरा पडले होते ते उठलेच नाहीत. काकींनी फोनवर सांगितलं. मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते त्याआधी उन्हाळ्यात, शिरोड्याला.

माझ्या एका विद्यार्थिनीचं तिथे लग्न होतं आणि वाजवायला दाजींना बोलावलं होतं. लग्न लागलं, पंगती उठल्या, मी परतीच्या एसटीत बसले. गाडी समुद्राकाठच्या वळणावर प्रवासी घ्यायला थांबली. सुरूच्या झाडांपलीकडे, वाळूवर, दाजी पाठमोरे उभे होते. समुद्राकडे तोंड करून वाजवत होते. वारा जोराचा, धोतर पायांना चिकटलेलं. आवाज आमच्यापर्यंत अजिबात येत नव्हता. नुसती कोपरं जराजराशी हलताना दिसत होती, आणि मधूनच मान, त्या ओळखीच्या तऱ्हेने, नकारार्थी. मग पुन्हा कोपरं.

काकी एका झाडाच्या सावलीत बसल्या होत्या, दाजींच्या चपला आणि जेवणाचा डबा शेजारी ठेवून. मी खिडकीतून हात केला. त्यांनी मला ओळखलं, हसल्या, आणि हातानेच खूण केली: तुमी जावा, हेंका अजून येळ आसा.